मदत हवी आहे: वर्गातल्या इंग्रजी बोलण्याचं रेकॉर्डिंग आहे, त्यातून संशोधन कसं उभं करू?

नमस्कार मंडळी,

इथे भाषाशास्त्रवाले, शिक्षक, झालंच तर आकडेवारीवाले पण बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून जरा लांबलचक विचारतेय. वैतागू नका, नेमका प्रश्न शेवटी आहे.

मी इंग्रजी शिकवते आणि नोकरी सांभाळून त्यातच पीएचडी चालू आहे. विषय असा की मुलं इंग्रजीत बोलताना चुकली की शिक्षक ती चूक सुधारतात, तर त्या सुधारण्याचं पुढे नक्की होतं काय. वहीतली लाल शाईवाली चूक नाही हां, चालू बोलण्यातली. मुलं पंधरा-सोळा वर्षांची, शिक्षक तीन (मी त्यात नाही), पालकांची आणि मुलांची दोघांचीही लेखी संमती घेतलीये आणि बऱ्याच तासांचं ऑडिओ रेकॉर्डिंग हातात आहे. आवाज चांगला आलाय, मागच्या बाकावरचे पण कळतात.

आता गाडी कुठे अडलीये ते सांगते. हा एक तुकडा बघा, जसाच्या तसा उतरवलाय:

शिक्षक: सो, व्हॉट डिड ही फाइंड?
मुलगी: ही फाइंडेड अ की.
शिक्षक: ही फाउंड अ की. व्हेरी गुड. अँड देन?
मुलगी: देन ही गो टू हिज होम.
शिक्षक: ओके, ही वेंट होम. येस, नेक्स्ट?

असे तुकडे ढिगाने आहेत. शिक्षकांनी दोनदा चूक सुधारली, बरोबर? पण त्या मुलीला आपलं काही चुकलं हे कळलं तरी का? पहिल्या वेळी तर तिला 'व्हेरी गुड' मिळालंय! आणि ती बरोबर रूप परत बोलून बघेल म्हणावं तर तिला तेवढी फटच ठेवलेली नाही, सुधारणा संपते न संपते तोच पुढचा प्रश्न. गंमत म्हणजे बरोबर उत्तरालाही शिक्षक हेच करतात, मूल बोललं की तेच वाक्य मोठ्याने परत म्हणतात म्हणजे मागच्यांना ऐकू जावं. मग मुलाच्या कानाला सुधारलेलं वाक्य आणि नुसतंच परत म्हटलेलं वाक्य यातला फरक कळणार कसा? मला स्वतःला रेकॉर्डिंग ऐकताना कधीकधी मागे जाऊन मूळ वाक्य परत ऐकावं लागतं.

वाचन केलंय थोडंफार. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक त्यावर शेरा देतो ही तीन पायऱ्यांची वर्गातली घडण सिंक्लेअर आणि कूल्थार्ड यांनी 1975 मध्येच मांडलीये, ती माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पानोपानी दिसते. मग 1997 चा लिस्टर आणि रांता यांचा अभ्यास, कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन वर्गांवरचा (जिथे मुलं बाकीचे विषयही फ्रेंचमधूनच शिकतात). त्यांनी चूक सुधारायचे सहा प्रकार केले, त्यात चुकीचं वाक्य शिक्षकाने गुपचूप बरोबर करून परत म्हणायचं याला रीकास्ट म्हणतात. शिक्षकांच्या एकूण सुधारण्यांपैकी 55 टक्के रीकास्ट निघाले आणि त्यातल्या फक्त 31 टक्क्यांवर मुलांनी काही प्रतिक्रिया दिली. उलट शिक्षकाने बरोबर रूप न सांगता मुलाकडूनच काढून घ्यायचा प्रयत्न केला तिथे दर वेळी प्रतिक्रिया आली. हे वाचून मला वाटलं वा, आपल्याकडे पण हेच मोजूया.

पण आमचे गाइड म्हणतात की रेकॉर्डिंग राहू दे बाजूला, त्यात जन्म जाईल. भाषेची भीती मोजायची हॉर्विट्झ वगैरेंची 1986 ची तयार प्रश्नावली आहे, 33 विधानं, पाच पर्याय, ती शंभरेक मुलांना वाट, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लाव आणि मोकळी हो. ती प्रश्नावली चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण ती भीती मोजते ना हो, आणि माझा प्रश्न भीतीचा नाहीच! मुलांना 'शिक्षकांनी चुका सुधाराव्यात असं वाटतं का' विचारलं तर सगळी हो म्हणतात, मी अनौपचारिक विचारून पाहिलंय. आणि तीच मुलं रेकॉर्डिंगमध्ये सुधारणा कानावरून जाऊ देतात. म्हणजे प्रश्नावलीतून मला जे मिळेल ते मला आधीच माहितीये.

तर प्रश्न असा की मुलाने बरोबर रूप परत उच्चारलं हे 'शिकलं' याचा पुरावा धरता येतं का, नसेल तर काय धरू, आणि एवढ्या रेकॉर्डिंगवर आकडेमोड करायची तर कोणती करू जी गाइडना पण पटेल. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. आगाऊ धन्यवाद.

– कोरीपाटी

*

खडूफळा:

वीस-बावीस वर्षं हेच करतोय म्हणून आधी शिक्षकांची बाजू मांडतो, मग तुम्ही जाणकारांचं ऐका.

आम्ही असं गुपचूप का सुधारतो, तर मूल आत्ता कुठे तोंड उघडतंय, त्यात मध्येच थांबवून 'फाइंडेड नाही, फाउंड' म्हटलं की ते तिथेच मिटतं आणि महिनाभर हात वर करत नाही. रीकास्टमध्ये गोष्ट पुढे सरकते, कोणाचा पाणउतारा होत नाही आणि बरोबर रूप निदान कानावर तरी पडतं. तुमचे ते तीन शिक्षक बावळट नाहीत हे प्रबंधात कुठेतरी लिहा म्हणजे झालं. असले अभ्यास वाचले की शिक्षक म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात असं वाटतं.

पण 'व्हेरी गुड'चं निरीक्षण लागलं बुवा. ते तोंडात बसलेलं असतं, आम्ही ते उत्तराला म्हणतो, वाक्याला नाही. किल्ली सापडली हे बरोबर आहे म्हणून गुड. मूल काय समजतं देव जाणे.

*

जुनीखोड:

कोरीपाटी, तुमचा डेटा सोन्यासारखा आहे, टाकू नका.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, धरता येत नाही. मूल परत बोललं याला त्या साहित्यात अपटेक म्हणतात आणि लिस्टर-रांतांच्या हिशोबात अपटेक म्हणजे सुधारणेनंतर लगेच आलेली कुठलीही प्रतिक्रिया, ती परत चुकलेली असली तरी. ते जे शंभर टक्के तुम्ही लिहिलंत त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी मुलाचं उत्तर दुरुस्त झालेलं नव्हतंच, तेव्हा तो आकडा मिरवताना जपून. आणि शिक्षकाने प्रश्न विचारून थांबलं तर मूल काहीतरी बोलणारच, तो संभाषणाचा रेटा आहे. उलट बाजूने बघितलं तर गप्प राहिलेल्या मुलाने मनात नोंद केलेली असू शकते. रिचर्ड श्मिट यांनी 1990 मध्ये जे मांडलं की लक्षात आल्याशिवाय शिकणं नाही, त्याच्याशी तुमचा प्रश्न जास्त जवळचा आहे. तुमचा तो तुकडा 'मूल परत बोललं का' असं विचारतच नाहीये, 'मुलाला कळलं का' असं विचारतोय. प्रबंधाचा प्रश्न तोच करा ना.

ते मोजायची पद्धत आहे. मॅकी, गॅस आणि मॅकडोनो यांनी 2000 मध्ये शिकणाऱ्यांना त्यांच्याच संभाषणाचा व्हिडिओ लगेच नंतर दाखवला, मध्येमध्ये थांबवून विचारलं की या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं. शब्द आणि उच्चारांबद्दलची सुधारणा लोकांनी बऱ्यापैकी ओळखली, पण व्याकरणाची सुधारणा मिळाली तेव्हा ती व्याकरणाची आहे हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. तुमची 'फाइंडेड'वाली मुलगी तंतोतंत यात बसते. याला स्टिम्युलेटेड रिकॉल म्हणतात. ऑडिओवर पण करता येतं, व्हिडिओइतकं छान नाही पण चालतं.

आणि 'शिकलं का' हे हवंच असेल तर शॉन लोवेन यांचा 2005 चा अभ्यास काढा. त्यांनी वर्गात ज्या शिकणाऱ्याची जी चूक सुधारली गेली, त्याच्यासाठी त्याच चुकीवर बेतलेली छोटी चाचणी तयार केली, म्हणजे प्रत्येकाचा पेपर वेगळा. एक-दोन दिवसांत घेतली तेव्हा साठ टक्क्यांच्या आसपास गोष्टी पूर्ण किंवा निदान अर्धवट आठवल्या, दोन आठवड्यांनी पन्नासच्या आसपास. कष्टाचं काम आहे पण गाइडना लागणारा आकडा यातून निघतो.

*

कोरीपाटी:

@खडूफळा, अगदी मान्य सर, शिक्षकांना नावं ठेवायचा हेतूच नाही. 'उत्तराला गुड, वाक्याला नाही' हे तुमच्या परवानगीने वहीत लिहून घेतलंय.

@जुनीखोड, वा, एवढं मोकळेपणाने कोणी सांगत नाही हो. पण माझ्या रेकॉर्डिंगला आता काही महिने झालेत. मुलांना आता ते ऐकवून 'तेव्हा मनात काय होतं' विचारलं तर चालेल का?

*

जुनीखोड:

अजिबात नाही. इतक्या दिवसांनी मूल आठवत नाही, अंदाज बांधतं, आणि समोर शिक्षिका बसलीये म्हटल्यावर तुम्हाला आवडेल तो अंदाज बांधतं. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. जुन्या रेकॉर्डिंगमधून सुधारणा किती, कुठल्या प्रकारच्या आणि त्यानंतर काय घडलं एवढंच चित्र काढा, आणि त्याच शिक्षकांचे थोडेच तास नव्याने रेकॉर्ड करून तिथे रिकॉल आणि लोवेनसारखी चाचणी करा. मोठा डेटा उथळ, छोटा डेटा खोल, दोन्ही एकमेकांना आधार देतात. आणि रिकॉल घेताना मुलांना मातृभाषेत बोलू द्या. इंग्रजीत सांगायला लावलंत तर जे सांगता येतं तेवढंच सांगतील. 'इथे सरांनी तुझी चूक सुधारली ते कळलं का' असं विचारलंत की खेळ संपला. 'इथे काय चाललं होतं' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

*

आडवाटेने:

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. 'ही गो टू हिज होम' ऐकून जगातल्या कुठल्या माणसाला कळणार नाही की तो घरी गेला? इंग्रजी बोलणाऱ्यांत ती ज्यांची मातृभाषा नाही अशांचीच संख्या जास्त आहे, आणि ते आपापसात बोलताना काय अडतं आणि काय अडत नाही यावर बरंच काम झालंय. जेनिफर जेनकिन्स यांनी 2000 मध्ये उच्चारांबाबत दाखवलं की 'थ'चा उच्चार अमुकसारखा नसला तरी काम भागतं, पण 'लिव' आणि 'लीव' यातला लांबी-आखूडपणाचा फरक गेला की घोटाळा होतो. बार्बरा साइडलहोफर यांनी व्याकरणाबद्दल तसंच म्हटलंय की 'शी गोज'चं 'शी गो' झालं तर संवाद सहसा तुटत नाही. मग शिक्षक ज्या गोष्टी सुधारतात त्या संवाद तुटतो म्हणून सुधारतात की पुस्तकात तसं नाही म्हणून? मला तर तुमच्या रेकॉर्डिंगमधला हाच प्रश्न सगळ्यात रसाळ वाटतोय.

*

खडूफळा:

@आडवाटेने, परीक्षेत 'ही गो' लिहिलं की मार्क कापतात हो, तिथे साइडलहोफरबाई येत नाहीत सोडवायला. बाकी तत्त्व म्हणून ठीक.

*

जुनीखोड:

दोघांचंही बरोबर आहे पण धागा भरकटू नये. कोरीपाटी, कोडिंग करताना (म्हणजे प्रत्येक सुधारणेची प्रकारानुसार नोंद करताना) एक जादा रकाना ठेवा: चुकीमुळे अर्थ अडला की नाही. फुकटात मिळणारी माहिती आहे. बऱ्याचदा असं दिसेल की अर्थ अडला तिथे शिक्षक खरोखर 'सॉरी? व्हॉट?' विचारतात आणि नाही अडला तिथे गुपचूप सुधारतात. दिसलं तर एक अख्खं प्रकरण होईल.

अवांतर: 'ही गोज'मधला तो शेवटचा 'ज' उशिरा येतो हे 1970 च्या दशकातल्या ड्युले-बर्ट वगैरे संशोधकांच्या, व्याकरणाची रूपं कुठल्या क्रमाने येतात यावरच्या अभ्यासांपासून दिसतंय. तेव्हा तो सुधारूनही बसत नसेल तर दोष रीकास्टचाच आहे असं लगेच म्हणू नका. चुकांचे प्रकार वेगळे ठेवून मगच तुलना करा.

*

शून्यगृहीतक:

आकड्यांचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो. भाषेतलं मला शष्प कळत नाही.

टी-टेस्ट इथे बसत नाही कारण तुमचा निकाल 'प्रतिक्रिया आली / नाही आली' असा हो-नाही स्वरूपाचा आहे, सरासरी कशाची काढणार? मग लोक काय करतात तर सगळ्या चुकांचा एक ढीग करतात आणि काय-स्क्वेअर (कुठल्या गटात किती वेळा काय घडलं याची तुलना करणारी चाचणी) लावतात. ते करू नका!! काय-स्क्वेअरला प्रत्येक नोंद स्वतंत्र लागते. तुमच्या वर्गात एखादा बडबड्या मुलगा असणार (प्रत्येक वर्गात असतो), एकट्याच्याच चाळीस चुका, आणि तो प्रत्येक सुधारणेला प्रतिसाद देणारा. मग तुम्ही जे मोजलंत ते रीकास्ट नाही, तो मुलगा. व्हायवाला (पीएचडीच्या तोंडी परीक्षेला) कोणी हे विचारलं तर पंचाईत होईल.

जमत असेल तर मिक्स्ड इफेक्ट्स लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे मूल आणि शिक्षक यांचा वेगळेपणा हिशोबात धरून केलेलं गणित. आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एलएमई-फोर पॅकेजने होतं. शिक्षक तीनच आहेत म्हणून त्यांना रँडम (मोठ्या गटातले सहज आलेले नमुने) नका धरू, सरळ फिक्स्ड घटक ठेवा (प्रत्येकाचा परिणाम वेगळा मोजायचा), तीन नोंदींवरून फरकाचा पसारा धड मोजता येत नाही. हे सगळं झेपत नसेल तर साधा मार्ग, प्रत्येक मुलाची टक्केवारी काढा, रीकास्टनंतरची आणि इतर सुधारणांनंतरची, आणि त्याच मुलाच्या या दोन टक्केवाऱ्यांची तुलना विलकॉक्सन साइन्ड रँक या जोड्यांच्या तुलनेच्या चाचणीने. दोन्ही प्रकार वाट्याला आलेली मुलंच यात येतील, जी गळतील ती किती ते लिहा.

दुसरं, कोडिंग एकट्याने करू नका. दहा-पंधरा टक्के भाग दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने द्या, नुसत्या टक्क्यांनी नाही. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त रीकास्टच असतील तर डोळे मिटून सगळ्याला रीकास्ट म्हणणाराही निम्म्याहून जास्त वेळा जुळेल! कप्पा तो योगायोग वजा करतो. साधारण 0.6 च्या वर आला तर लोक ठीक म्हणतात.

*

कोरीपाटी:

@शून्यगृहीतक, बडबड्या मुलगा आहे हो! खरंच आहे, तिसऱ्या बाकावर. त्याला बाजूला काढून सहज मोजून बघितलं तर एका शिक्षकांचं चित्रच पालटतं. हे आधी कोणी सांगितलं नसतं तर मी त्याच्याच जोरावर प्रकरण लिहून बसले असते.

गाइडशी बोलले काल. प्रश्नावली पूर्ण सोडायची नाही असं ठरलंय, पण ती मुख्य नाही, ज्या मुलांचा रिकॉल घेणार त्यांनाच देणार म्हणजे घाबरणारी मुलं सुधारणा जास्त ओळखतात की कमी हे तरी कळेल. नवीन तास रेकॉर्ड करायला ते तयार झाले, वैयक्तिक चाचणीचं ऐकल्यावर तर 'हे आधी का नाही बोललीस' म्हणाले :)

आता शेवटचं एक. शिक्षकांना नवीन रेकॉर्डिंगच्या आधी किती सांगायचं? 'चुका कशा सुधारता ते बघतेय' म्हटलं तर ते त्या दिवशी मुद्दाम वेगळं वागणार, आणि नाही सांगितलं तर फसवल्यासारखं.

*

जुनीखोड:

भाषाशास्त्रज्ञ लाबोव्ह यांनी याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलंय, माणसं कोणी बघत नसताना कशी बोलतात ते बघायचं पण त्यासाठी बघावं तर लागतं. यातून पूर्ण सुटका नाही. रूढ मार्ग असा की खरं सांगायचं पण ढोबळ: 'वर्गात शिक्षक आणि मुलं यांच्यात तोंडी देवाणघेवाण कशी होते त्याचा अभ्यास'. हे खोटं नाही. काम संपल्यावर नेमका विषय सांगायचा आणि तेव्हाही नको म्हणाले तर त्यांचा डेटा काढून टाकायची तयारी ठेवायची, संमतीपत्रात तसं लिहायचं. पहिला तास दीड तास रेकॉर्डर नुसता चालू ठेवा, तो भाग विश्लेषणात घेऊ नका, तोवर सगळे विसरतात.

*

खडूफळा:

विसरतात विसरतात. माझ्या वर्गात एकदा असंच कोणी मागे बसलं होतं, पहिली वीस मिनिटं मी असं इंग्रजी बोललो की मुलं घाबरून गप्प. मग फळा पुसायला लागलो आणि गेलो मूळ पदावर.

एक सुचवू का, त्या तीन शिक्षकांचाही रिकॉल घ्या. 'व्हेरी गुड' नक्की कशाला म्हणाला होतात ते विचारा, आणि मग तेच मुलीला विचारा. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

*

कोरीपाटी:

हे घेतेच घेते. आणि उतरवून घ्यायला कुठलं सॉफ्टवेअर बरं? आत्ता कानाला हेडफोन आणि वर्डची फाइल असा कारभार चाललाय.

*

शून्यगृहीतक:

इलान वापरा, मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटचं आहे, फुकट. आवाजाच्या पट्टीखाली शिक्षक, मूल, सुधारणेचा प्रकार, प्रतिक्रिया असे वेगवेगळे थर करता येतात आणि सगळं टेबल म्हणून बाहेर काढता येतं, म्हणजे थेट आरमध्ये. विरामाचे सेकंदही त्यातच मोजले जातात, सुधारणेनंतर शिक्षक किती वेळ थांबले हा रकाना आपोआप मिळेल. तुम्ही म्हणालात ना मुलीला फट ठेवलेली नाही, तर ती फट किती सेकंदांची होती ते मोजूनच टाका.